प्रसाद सरांच्या मळ्यात मिळेल

आमच्या मॅट्रिकच्या वर्गाचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. सकाळी त्यावर फुलं येतात, दुपारी गुडघेदुखीवरचे काढे येतात आणि मधूनच कुणीतरी गेल्याची बातमी येते. बातमीखाली सगळे हात जोडतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा फुलं. या ग्रुपवर मला मान आहे. मी आयुष्यभर हायस्कुलात मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावरही लोकांच्या निरोपांतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारतो आणि कुणी खोटी बातमी पुढं ढकलली की खाली 'खात्री करून टाकावे' असं लिहितो. खरं-खोटं बघायचं काम ग्रुपनं माझ्याकडंच सोपवलेलं आहे. म्हणून आधीच सांगतो, की या ग्रुपवर सगळ्यात जास्त वेळा फिरलेली खोटी गोष्ट माझी आहे.

ती गोष्ट अशी. शिरूर तालुक्यातल्या आमच्या शाळेला थोडी जमीन होती आणि शेती शिकवायला एक सर होते. आठवड्यातून एक दिवस श्रमदान असायचं. मुलांनी शाळेच्या जमिनीत कांदा लावायचा, खुरपायचा आणि काढायचा. कांदा विकून शाळेत वाचनालय होणार होतं. कांदा दरवर्षी निघाला, वाचनालय काही निघालं नाही. पोती भरून सरांच्या मळ्यातल्या वखारीत जायची. तिथून पुढं ती कुठं जातात, हे विचारायची पद्धत नव्हती.

ऑफिसबाहेर व्हरांड्यात सुविचाराचा फळा होता. एका सकाळी त्यावर लिहिलं होतं, 'श्रम हीच पूजा.' आणि त्याखाली, त्याच सुंदर अक्षरात, 'प्रसाद सरांच्या मळ्यात मिळेल.'

गोष्टीत पुढं असं आहे, की ही ओळ नववीतल्या एका गरीब, पण धाडसी मुलानं लिहिली. सरांनी त्याला फोडून काढलं. त्यानं माफी मागितली नाही. शाळा सोडून गेला, पण वाकला नाही. तो माझा जिवलग मित्र. इथं मी थांबतो, चष्मा काढतो, पुसतो आणि पुन्हा घालतो. मग टाळ्या पडतात.

गोष्टीतलं बहुतेक सगळं खरं आहे. फक्त ती ओळ मी लिहिली होती.

आम्ही दोघं एकाच गावचे, घोड नदीच्या काठचे. त्याचे वडील आमच्याकडं सालानं होते, म्हणजे पाडव्याला बोली करून वर्षभर आमच्या मळ्यात राबणारे गडी. माझ्या वडिलांना सारा गाव आबा म्हणे. ते शाळेच्या समितीवर होते. शाळेला आम्ही बरोबर जायचो, असं मी गोष्टीत सांगतो. खरं म्हणजे मी सायकलवर असायचो आणि तो पळत. वाटेत एक चढ होता, तिथं मला सायकल हातात धरावी लागे. तेवढ्या चढापुरते आम्ही बरोबर चालायचो.

त्याचं अक्षर असं होतं, की मुख्याध्यापक शाळेची पत्रंसुद्धा त्याच्याकडून लिहून घेत. सुविचाराचा फळा आधी माझ्याकडं होता, आबांमुळं. माझं अक्षर म्हणजे शेणात कोंबडी नाचल्यासारखं. महिनाभरात फळा माझ्याकडून काढून त्याला दिला. मला राग आला नाही, असं मी तेव्हा दाखवलं. उलट मी त्याच्याकडून अक्षर शिकायला लागलो. त्याचे वडील उसाला पाणी देत असायचे, आम्ही बांधावर बसायचो आणि तो ओल्या मातीत काडीनं मला अक्षरं काढून दाखवायचा. त्याचा 'ळ' वेगळा होता. दोन पूर्ण गोल, शेजारी-शेजारी, मधे कुठं तुटलेलं नाही.

"हात उचलायचा न्हाई," तो सांगायचा. "दोन भाकरी एका दमात थापायच्या."

वर्षभरात मला त्याचा 'ळ' इतका जमला, की एकदा मातीतला कुठला कुणाचा हे त्यालाही सांगता आलं नाही. आपल्याला हे जमतंय, ते कुणाला तरी दाखवावं, एवढीच माझी खुमखुमी होती. सरांवर राग होता, अन्यायाची चीड होती, हे सगळं मी पुढं मास्तर झाल्यावर त्यात घातलं.

तो दुसऱ्या दिवसाचा सुविचार आदल्या संध्याकाळी लिहून घरी जायचा. त्या दिवशी तो पुढं गेला. मी सायकलची साखळी पडल्याचं निमित्त करून मागं राहिलो आणि खाली ती ओळ लिहिली. लिहून झाल्यावर दोन पावलं मागं सरकून बघितलं. इतकं सुबक अक्षर मी आयुष्यात पुन्हा कधी काढलं नाही.

सकाळी प्रार्थनेला सगळी शाळा हसत होती. शेतीचे सर आले, त्यांनी वाचलं आणि चेहऱ्यावर काही न दाखवता म्हणाले, "ज्यानं लिहिलं त्यानं पुढं यावं." कुणी गेलं नाही. मग त्यांनी नववीच्या सगळ्या वह्या मागवल्या. वह्या चाळत ते फक्त 'ळ' बघत होते. एका वहीवर बोट ठेवून म्हणाले, "हा चष्मा कुणाचा?" त्या दोन गोलांना ते चष्मा म्हणाले आणि पुन्हा मुलं हसली.

त्याला उजवा हात पुढं करायला लावला. छड्या किती, हे मी तेव्हा मोजलं नाही. गोष्ट सांगताना मात्र दरवर्षी एखाददुसरी वाढवत आलो आहे. तो "मी न्हाई लिवलं" असं एकदाच म्हणाला. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. आधी मला वाटलं, सर दोन छड्या मारून सोडतील, मग कशाला बोला. मग वाटलं, मधल्या सुट्टीत जाऊन सांगू. मधल्या सुट्टीत वाटलं, संध्याकाळी आबांना सांगू, ते समजून घेतील. संध्याकाळी आबांचा आवाज घरात असा काही चढलेला होता, की वाटलं, सकाळी बघू. त्या सकाळला आता पन्नास वर्षं उलटून गेली.

समितीत विषय निघाला. आबांचा त्या बैठकीतला मोठेपणा गावात बरीच वर्षं सांगितला जात होता. ते म्हणाले म्हणे, "पोराचं आयुष्य नासवू नका. दाखल्यावर वाईट शेरा मारू नका. हातात दाखला द्या आन् मोकळा करा." मित्राच्या दाखल्यावर 'वर्तणूक: चांगली' असा शेरा आहे. तो दाखला घेऊन त्याला दौंडला मामाकडं पाठवलं. त्याचं एक वर्ष बुडालं. पुढं तो तिथंच शिकला आणि रेल्वेत पेंटर म्हणून लागला. स्टेशनांच्या पाट्या, डब्यांवरचे आकडे, 'रूळ ओलांडू नये' वगैरे. त्याचे वडील पुढच्या पाडव्यापर्यंत आमच्याच मळ्यात होते. रोज मला म्हणायचे, "बाळासाहेब, नीट शिका."

आमच्या शेजारी इनामगावला त्याच सुमाराला शहाणी माणसं येऊन जमीन उकरत होती. तीन हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसांनी कशात शिजवलं, काय खाल्लं, हे त्यांना खापरांवरून कळायचं. आमच्या शाळेचे कांदे कुणी खाल्ले, हे मात्र त्याच साली, त्याच तालुक्यात, कुणाला कळलं नाही.

मी बी. एड. झालो, मास्तर झालो. माझ्या शाळेत मी सुविचाराचा फळा सुरू केला. फळ्यावर कुणी काही आगाऊ लिहिलं, की मी वह्या मागवून अक्षर जुळवायचो. त्यात माझा हातखंडा होता. सहकारी म्हणत, सरांची नजर पोलिसाची आहे.

गेल्या वर्षी ग्रुपवर ठरलं, की जुन्या शाळेत एकदा सगळ्यांनी जमायचं. आमच्यात एक माजी सरपंच आहेत, कामं ते वाटतात. त्यांनी फोन केला.

"मास्तर, त्या कांदेवाल्याचा सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ, आन् त्याच्याच हातनं ती ओळ फळ्यावर परत लिहून घ्यायची. व्हिडिओ काढू. तुझा जिगरी हाय, तूच जाऊन आण त्याला."

"फोन केला तरी येईल की तो."

"अरं, मानपान हाय का न्हाई? आन् परिचयाचं भाषण बी तूच कर. रडीव कर जरा."

माझा पुतण्या आता शाळेच्या समितीवर आहे, आबांच्याच जागी. त्यानं गाडी दिली. न्हावरे, चौफुला, पाटस करत दौंडला जाताना मी वाक्यं जुळवत होतो. सत्काराआधी त्याला खरं सांगायचं, त्याची माफी मागायची, आणि त्याची हरकत नसेल तर भर कार्यक्रमात कबुली द्यायची. सगळी वाक्यं व्याकरणशुद्ध होती. त्यातल्या दोनतीन वाक्यांनी मला गाडीतच गहिवरून आलं. ड्रायव्हरनं आरशातून बघून विचारलं, "काका, एसी कमी करू का?"

त्याचं घर रेल्वेच्या बाजूला, त्यानं स्वतः बांधलेलं. दारावरची नावाची पाटी त्यानंच रंगवलेली, पिवळ्यावर काळी. समुद्रसपाटीपासूनची उंची तेवढी खाली लिहायची राहिली होती. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली नातवाची क्रिकेटची ढाल. तो बनियनवर बसला होता. मला बघून सदरा घालायला आत गेला आणि बटणं लावत बाहेर आला.

"या मास्तर. रस्ता घावला व्हय?"

त्याच्या बायकोनं पाणी दिलं. "भावजी, तुमची कांद्याची गोष्ट मला पाठ हाय बरं का. पोराच्या लग्नात व्याह्यांनी भर मांडवात सांगितली. त्यांना कुणीतरी मोबाइलवर धाडली व्हती. मला तर ह्यांनी चाळीस वर्षांत कधी सांगितली न्हाई."

"मी सांगायची काय गरज? मास्तर हायेत की," तो म्हणाला.

तिनं चहा ठेवायला आत जाण्याची मी वाट बघितली. मग खुर्ची जरा पुढं ओढली आणि म्हणालो, "गड्या, एक सांगायचं होतं."

"गडी माझा बाप व्हता, मास्तर," तो म्हणाला. "आन् तो बी तुमचा."

आतून बायकोच्या हसण्याचा आवाज आला. गाडीत जुळवलेली वाक्यं तिथंच विसकटली. जे उरलं ते मी एका दमात सांगून टाकलं: ती ओळ मी लिहिली होती, तुझं अक्षर काढून मी लिहिली होती, आणि मी गप्प राहिलो.

चहा आला. त्यानं बशीत ओतला, टोस्ट बुडवला, खाल्ला.

"बरं," तो म्हणाला.

"बरं काय? तुला काहीच वाटत नाही?"

"नवीन काय सांगितलंस? मला त्याच दिशी कळलं व्हतं."

"कसं शक्य आहे? अक्षर तर तुझंच वाटत होतं."

"अक्षर माझंच व्हतं. त्यात खोट न्हाई काढणार. लै झ्याक काढलं व्हतंस." त्यानं टोस्ट माझ्याकडं सरकवला. "पण शबुद तुझा व्हता, मास्तर. 'मळ्यात' लिवलंस तू. आमच्या घरात मळा कुणी म्हणतच न्हवतं. आम्ही रान म्हणायचो. ज्याची इहीर त्याचा मळा. मी लिवलं असतं तर 'सरांच्या रानात' लिवलं असतं. वर्गात मळा म्हणणारी पोरं चार-पाच. त्यातला माझ्यावानी 'ळ' काढणारा एकच."

मी मराठीचा शिक्षक. शब्दांच्या अर्थच्छटा हा माझा आवडता विषय; मळा, रान, शेत, वावर यांतला फरक मी वर्गात कितीतरी वेळा समजावून सांगितला असेल. सरांनी सगळ्या वह्यांतले 'ळ' तपासले. शब्द कुणीच तपासला नाही.

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"कुणापाशी? समितीत आबा, बाप आबांच्या रानात. तुझं नाव घेतलं असतं तर माझ्या छड्या वाचल्या असत्या व्हय? बापाच्या वाट्याला गेल्या असत्या." मग तो जरा हसला. "आन् आजून एक सांगतो. तुझ्या गोष्टीत ते न्हाई. त्या सकाळी शाळंत पहिला मी आलो व्हतो. व्हरांड्यात एकटाच. ओळ वाचली. डस्टर माझ्या हातात व्हता."

"मग?"

"मग काय. पुसली न्हाई." त्यानं बशी खाली ठेवली. "म्हटलं, बेस लिवलंय. राहू दे. कोण मार खाणार हे मला तवाच दिसत व्हतं. तरी न्हाई पुसली. त्याच्या आधी मला वर्गात नावानं कोण हाक मारत व्हतं? आबांच्या गड्याचं पोरगं. त्या दिवशी मधल्या सुट्टीत वरच्या वर्गातली पोरं मला माझं नाव इचारायला आली. लिवली तू आसशील. पण मार मी खाल्लाय आन् ठेवली मी हाय. ओळ माझी हाय, मास्तर. ती आता परत मागू नको."

मी परत मागायलाच आलो होतो, हे मला तिथं बसल्यावर कळलं. माफी मागतोय असं मला वाटत होतं.

"आणि तुझं नुकसान?" मी विचारलं. "तुला शिक्षक व्हायचं होतं, ते राहिलं..."

"कुणाला? मला? अरं, ते तू घातलंस गोष्टीत. मला रेल्वेतच जायचं व्हतं. फुकट पास मिळतो."

बाहेर मालगाडी शंटिंग करत होती, डबे एकमेकांवर आपटत होते. तो त्या आवाजाकडं कान देऊन बसला होता. मग माझ्याकडं न बघता म्हणाला,

"आन् पोत्यांचं?"

"कसली पोती?"

"बघ," तो म्हणाला. "मला वाटलंच."

आता इथं मला हळू लिहावं लागणार आहे. पोती मला माहीत होती. सरांच्या वखारीतून कांद्याची काही पोती दर हंगामात आमच्या घरी येत. आमच्याच बैलगाडीतून, संध्याकाळी, आणि गाडी हाकायला त्याचे वडील असत. पडवीतल्या ओट्यावर ती उतरायची. आई म्हणायची, "ह्या साली बारीक हाय." आबा सरांच्या कामाकडं बघायचे नाहीत, आणि सर आबांच्या ओट्याकडं. ओळ मला सुचली ती यामुळंच. प्रसाद घरी येत होता, म्हणून तो कुठून निघतो ते मला माहीत होतं. मी मात्र अर्धाच पत्ता लिहिला.

दौंडला न्यायला मी जी कबुली तयार केली होती, तिच्यात हे कुठंही नव्हतं. विसरलो नव्हतो. माझ्या पापाचा कबुलीजबाब मी इतका सुंदर रचला होता, की आबांच्या पोत्यांना त्यात जागाच उरली नव्हती.

"माझा बाप मरताना बी त्या गाडीचं बोलत व्हता," तो म्हणाला. "पोराला मार बसला तो ज्या कांद्यापायी, तो त्यानं स्वतः तुमच्या दारात उतरवला व्हता. त्याला छड्यांचं दुःख न्हवतं. गाडी हाकल्याचं व्हतं." मग तो माझ्याकडं वळला. "मी येतो सत्काराला. शाल घेतो. बायको बी म्हणती, नवी शाल पायजेच. पण एक ऐक. तुला सांगायचं आसंल तर पोत्यांसकट सांग. ते जमणार नसंल तर गप बस. तुझं अर्धं पाप माझ्या शालीत गुंडाळू नको."

मी हो म्हणालो. बायकोनं जाताना पिशवीभर कांदे दिले. "घरचेच हायेत, भावजी," ती म्हणाली. मी पिशवी गाडीत मागं ठेवली.

कार्यक्रम शाळेच्या नव्या सभागृहात झाला. सभागृह आबांच्या स्मरणार्थ आहे. पुतण्यानं बांधून घेतलं. व्यासपीठावर मागं आबांचा मोठा फोटो, फेट्यातला, त्याला ताजा हार. फोटोखाली खुर्च्यांची रांग, आणि मधल्या खुर्चीवर माझा मित्र, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. बाजूला तिपाईवर फळा. सगळी म्हातारी पोरं खाली बसली होती, कुणी काठी घेऊन, कुणी कानाला यंत्र लावून.

मी परिचयाला उभा राहिलो. गोष्ट सुरू केली. सवयीनं चष्मा काढला, आणि मग तो पुन्हा घालायचं सोडून म्हणालो, "मित्रहो, आज एक खरं सांगतो. ती ओळ यानं लिहिलेली नाही. ती मी लिहिली होती."

एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं, "काय म्हणाला?" मग माजी सरपंच उठले. त्यांचे डोळे भरून आले होते. "बघा!" ते ओरडले. "ह्याला म्हणतात मैत्री! मित्राचा गुन्हा पन्नास वर्षांनी सोताच्या अंगावर घेतोय! मास्तर, धन्य हाय तुझी!" आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले. दोघं-तिघं उभे राहिले.

"अहो, खरंच मी लिहिली," मी म्हणालो.

"किती तो मोठेपणा!" मागून कुणीतरी म्हणालं.

माझ्या खिशात पुढचं वाक्य लिहिलेलं होतं. छोटंसंच. मी वळून बघितलं तर हाराच्या वरून आबा बघत होते आणि पहिल्या रांगेत पुतण्या मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. मी म्हणालो, "धन्यवाद." आणि खाली बसलो. आयोजकांनी ऐनवेळी माझ्यासाठीही एक शाल पैदा केली.

मित्राला फळ्याजवळ बोलावलं. त्यानं खडू घेतला. 'श्रम हीच पूजा' लिहिलं, खाली ती ओळ लिहिली, माझा शब्द तसाच ठेवून. 'ळ' काढताना त्यानं हात उचलला नाही. माईक पुढं केला तर म्हणाला, "मास्तरांनी जेवढं सांगितलं तेवढं खरं हाय." लोक पुन्हा हसले. त्यांना तो विनोद वाटला.

जेवणाच्या रांगेत तो माझ्या मागं होता. ताटात भजी घेताना हळूच म्हणाला, "फोटो लै उंच लावलाय नव्हं?" मी चटणी वाढून घेतली. "मानेला त्रास व्हईल तुझ्या," तो म्हणाला आणि पुढं सरकला. दौंडला सोडायला गाडी तयार होती, पण तो दोघांच्या शाली काखेत मारून बायकोबरोबर एसटीनं गेला. माझीही शाल त्यानंच मागून घेतली. म्हणाला, "हिला बी एक लागंल."

तेव्हा हे आता लिहितो आहे, पोत्यांसकट. सर आता नाहीत, आबा नाहीत, गाडी हाकणारेही नाहीत. त्यातल्या दोघांबद्दल वाईट आणि एकाबद्दल उशिरा लिहितो आहे, याची मला जाणीव आहे. छापायला देण्याआधी हा मजकूर मी मित्राला पाठवला. त्यानं दोन दिवसांनी फोन केला.

"वाचलं. बापाचं बरोबर लिवलंस. एवढंच बघायचं व्हतं."

"आणि ओळीचं? लोक आता ती माझी म्हणतील."

"म्हणू दे की. तुझ्यावर कोण इस्वास ठेवतंय?" तो म्हणाला.

मग मी मजकूर पुतण्याला पाठवला. त्याचा फोन तासाभरात आला. तो चिडला नव्हता. समितीवरच्या माणसासारखा शांत बोलत होता.

"काका, तुमचं तुम्ही लिहा, आमचं काही म्हणणं नाही. पण पोत्यांचं काढा. आजोबांच्या नावानं इमारत आहे. उद्या लोक विचारतील, आम्ही काय सांगायचं? आणि एवढ्या वर्षांनी याला पुरावा काय आहे?"

"पुरावा मी आहे," मी म्हणालो. "मी खाल्लेत ते कांदे."

तो म्हणाला, "काका, नीट विचार करा," आणि फोन ठेवला. मी विचार केला, आणि मजकूर होता तसा छापायला पाठवून दिला.